वाढत्या अंगाचा पिंजरा

आम्ही रकून पकडला.

आम्ही रकून पकडलेला नाही. वरचं वाक्य चुकून पडलं, तुम्ही ते वाचलंच नाही असं समजू आणि पहिल्यापासून सुरुवात करू.

माझी अरुणाआत्या इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहते. चाळीस वर्षांपूर्वी ती डॉक्टर म्हणून इथे आली, पस्तीस वर्षं लोकांची बाळंतपणं केली आणि रिटायर झाल्यावर तीन कोंबड्या पाळल्या. नावं हॉस्पिटलातल्या हुद्द्यांवरून: सिस्टर, मेट्रन आणि रजिस्ट्रार. रजिस्ट्रार दिवसभर धावत असते आणि तिचं काम कधी पूर्ण होईल हे कुणालाच सांगता येत नाही.

दर सप्टेंबरमध्ये तिथल्या हॉलमध्ये एक शो भरतो. एका टेबलावर सगळ्यांत मोठा कांदा, एकावर जॅम आणि एकावर ‘तीन अंडी’. नियम एवढाच की तिन्ही सारखी हवीत. मोठी नकोत, चविष्ट नकोत, सारखी. गेली तीन वर्षं पहिलं बक्षीस श्यामलामावशी नेतायत. त्या आत्याच्याच हॉस्पिटलमध्ये भूल द्यायच्या. गेल्या वर्षी त्यांनी आत्याच्या ताटलीत वाकून बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अरुणा, ही भावंडं आहेत की नुसतेच शेजारी?"

त्या दिवसापासून आत्याचं आयुष्यात एकच ध्येय उरलं. यंदाचं पहिलं बक्षीस.

आणि यंदा शोच्या दोन आठवडे आधी अंडी गायब व्हायला लागली. शेडमागे नुसती टरफलं. आत्याने मला फोन केला, कारण मी हाउन्सलोला एअर कार्गोमध्ये आहे. विमानातून जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना कुठल्या मापाचा क्रेट लागेल, ते मी ठरवतो.

"समर, तू मापातला माणूस आहेस. ये."

शेडमागच्या चिखलात ठसे होते. आत्या चष्मा लावून गुडघ्यावर बसली.

"पाच बोटं. तळवा छोटा. आठ महिन्यांचं बाळ."

"आत्या, बाळं अंडी चोरत नाहीत."

"तू आठ महिन्यांचा असताना माझं स्टेथोस्कोप चोरलं होतंस. मला शिकवू नकोस."

फोटो काढून आम्ही शेतीच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे पिंजरे मापाने मांडलेले होते. खारीचा, मिंकचा, कोल्ह्याचा, जणू चपलांचं दुकान. मालक म्हातारा, गंभीर. त्याने आधी विचारलं, "जनावर कोणतं?"

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

"मग माप कसं देणार? नदीवरचा बीव्हर असेल तर तो संरक्षित. त्याला हात लावायचा नाही." मग त्याने फोटो बघितला. "हा बीव्हर नाही. रकून आहे. अमेरिकेतला. कुणीतरी पाळला असेल, पळाला. त्याचं उलटं. एकदा पकडला की परत सोडायचा नाही. कायदा आहे. रेस्क्यूवाल्यांना फोन करायचा."

म्हणजे बीव्हर पकडायचा नाही आणि रकून सोडायचा नाही. आत्याने मान डोलावली. ती कायद्याला मानते. रिकाम्या रस्त्यावर, मैलभर गाडी नसतानाही, ती सिग्नलवरचा हिरवा माणूस लागेपर्यंत उभी राहते आणि मलाही दंडाला धरून उभं करते.

मालकाने बत्तीस इंची पिंजरा पुढे ठेवला. "रकूनला हा. मोठा घेतलात तर मधली पाटी दबत नाही आणि दार पडत नाही. माप हेच."

मी माझ्या व्यावसायिक अनुभवावरून म्हणालो, "बरोबर आहे."

"घट्ट होईल," आत्या म्हणाली.

"मॅडम, घट्टच हवा."

"आत्ता आठ महिन्यांचा आहे. वाढणार नाही का?"

इथे मी खरं तर मध्ये पडायला हवं होतं. पण मला सातव्या वर्षी आत्याने शाळेचा ब्लेझर घेऊन दिला होता, आणि तो मी अजून ऑफिसला घालतो. आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचंच घेतात. लग्नात वडिलांचा सूट वाढत्या अंगाचा होता. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

आत्या दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी गेली. "हा द्या."

"हा हरवलेल्या लॅब्रेडॉरसाठी आहे, मॅडम."

"लॅब्रेडॉरपण एकदा लहानच होता ना?"

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी खारीच्या पिंजऱ्याकडे बघितलं.

पिंजरा डिकीत मावला नाही, टपावर बांधून आणला. शेडमागे ठेवला, आत गवत घातलं, कारण आत्या म्हणाली, उघड्या जाळीवर कुणाला बसवणं बरं दिसत नाही. आमिष म्हणून शेंगदाण्याचा लाडू.

पहिल्या दिवशी लाडू गेला, दार उघडंच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर रकून आतच, पाटीवर पसरून झोपलेला. डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीवर गोल पट्टे, हात पोटावर. पाटी लॅब्रेडॉरच्या वजनाला लावलेली, हा असेल पाच-सहा किलो. मला बघितल्यावर त्याने कूस बदलली. पाटी हललीही नाही.

"आत्या, बदलून आणूया."

"कशाला? वजन वाढलं की दबेल पाटी. दिवसाला दोन लाडू दे."

तिने खरोखर चार्ट केला. पस्तीस वर्षं बाळांचे केले, त्याच पद्धतीने. "दीडशे ग्रॅम आठवड्याला. नॉर्मल आहे. फक्त शोच्या आत तेवीस किलो वाढायला हवं."

रकून लाडू खायचा आणि वर अंडंही न्यायचा. शनिवारी, शोच्या सकाळी, आत्याकडे चार अंडी उरली होती. ती स्वयंपाकघरात ती मांडून बसली. एक लांबट, एक गोल, एक गोरं आणि एक रजिस्ट्रारचं, त्याबद्दल न बोललेलं बरं. आत्याने ती उलटसुलट लावून बघितली. मग चष्मा काढला.

"शेजारीच आहेत रे," ती हळूच म्हणाली.

मला तिथे थांबवेना. मी लाडू घेऊन शेडमागे गेलो. रकून झोपला होता. त्याच्या मागे, अगदी कोपऱ्यात, गवतात तीन अंडी होती. तीन. सारखी. एकाच साच्यातून काढल्यासारखी. म्हणजे हा पठ्ठ्या दोन आठवडे अंडी चाचपून बघत होता. बाकीची खाल्ली आणि जमणारी ठेवून दिली.

मी रांगत आत शिरलो. अंड्यांपर्यंत हात पोचला आणि माझा गुडघा पाटीवर पडला.

दार पडलं.

नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटं. नोंदणी दहाला बंद. रकूनने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खिशातला लाडू काढून घेतला.

आत्या धावत आली. "फुटली नाहीत ना?"

"मीही बरा आहे, आत्या."

"तुझं कोण विचारतंय! जाळीतून दे."

जाळीच्या भोकातून अंडं जाईना. पिंजऱ्यात तेवढी एकच गोष्ट लहान मापाची होती.

आत्याने कडीला हात घातला आणि थांबली. "दार उघडलं तर तो सुटेल."

"हो."

"पकडलेला सोडायचा नाही. कायदा आहे."

तिने रेस्क्यूला फोन लावला. दोन वाजेपर्यंत येतो म्हणाले. ती तिथेच उभी राहिली, एका हातात फोन, दुसऱ्या हातात रिकामी ताटली. मी आयुष्यात आत्याला कायदा मोडताना पाहिलेलं नाही. त्या दिवशीही नाही पाहिलं. तिने फक्त विचार केला.

"समर, पाटी कोणी दाबली?"

"मी."

"दार कोणामुळे पडलं?"

"माझ्यामुळे."

"मग सापडलास तू. तो आधीपासूनच राहतो तिथे. मी माझ्या भाच्याला सोडवतेय."

तिने कडी काढली. रकून माझ्या पाठीवरून चालत बाहेर गेला, कुंपणापाशी हात चाटले आणि पलीकडे उतरला. म्हणून पुन्हा सांगतो, आम्ही रकून पकडलेला नाही.

नऊ अठ्ठावन्नला आम्ही हॉलमध्ये पोचलो. परीक्षक बाईंनी अंडी काट्यावर ठेवली. एकसष्ट ग्रॅम. एकसष्ट ग्रॅम. एकसष्ट ग्रॅम. त्यांनी काटा बदलून बघितला. मग आत्याच्या ताटलीसमोर लाल कार्ड ठेवलं. इथे पहिल्याला लाल देतात.

श्यामलामावशी वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "अरुणा, ही भावंडं नाहीत. तिळी आहेत."

"हं," आत्या म्हणाली.

"निवडली कशी गं? मला तर दोनसुद्धा जुळवता येत नाहीत कधी. गेली तीन वर्षं नशीबच म्हणायचं."

आत्याने ताटली जवळ ओढली. मी गाजराच्या केकचा तुकडा आणून दिला, तो तिने तसाच ठेवला. तिची नजर नोंदणीच्या कार्डावरच्या खालच्या ओळीवर होती. तिथे तिचीच सही होती: ‘सदर अंड्यांची निवड मी स्वतः केली आहे.’

गाडीत ती हातात लाल कार्ड धरून बसली. आनंदात होती, हे मला मानेवरून कळत होतं. आणि अवघडलेली होती, हेही मानेवरूनच. घरी आल्यावर चपला न काढता म्हणाली, "समर, सेक्रेटरीला पत्र लिही. बक्षीस मी परत देणार नाही. कोंबड्या माझ्या आहेत. पण निवड माझी नव्हती."

मी लिहिलं. तिने तीनदा दुरुस्त केलं. पत्र असं:

मा. सेक्रेटरी यांस,

अंडी विभागातील प्रथम क्रमांकाच्या प्रमाणपत्रावर सहप्रदर्शक म्हणून आणखी एक नाव घालण्यात यावे. नाव माहीत नाही, जागा मोकळी ठेवावी. त्यांना सही करता येत नाही. हाताचा ठसा सोबत जोडला आहे. त्यांची नजर व हात पाहता, पुढील वर्षापासून अंडी विभागाचे परीक्षक म्हणून त्यांची कायमस्वरूपी नेमणूक व्हावी, आणि परीक्षणाच्या वेळी त्यांना ताटल्यांसोबत किमान पाच मिनिटे एकटे सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.