पाऊण इंच

मित्रांनो, मी सांबराच्या शिंगांची एक जुनी जोडी आहे. सागवानी फळीवर ठोकलेली, रोह्याच्या एका घरात बैठकीच्या खोलीत टांगलेली. माझ्याखाली आता डोळे नाहीत, कान नाहीत. तरी एक आवाज माझ्यात राहून गेला आहे. निडीच्या डोंगरात ओरडून जनावरं बंदुकीकडे हाकणाऱ्यांचा, हाकारा घालणाऱ्यांचा. "होऽऽ हो!" जिवंतपणी ऐकलेला तो शेवटचा आवाज.

मी उगवले तेव्हा माझ्यावर मऊ लव होती आणि आतून ऊन रक्त वाहत होतं. लव झडली, झाडांच्या खोडांवर घासून मी टणक झाले. चिखलात लोळून उठलेला तो थोराड नर मला डोक्यावर घेऊन कारवीतून चालला की पानं दोन्ही बाजूंना दुभंगत. मग एका सकाळी या घराचे मालक हैबतराव यांची गोळी आली. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीचे ते दिवस.

हैबतरावांचं फार कौतुक झालं. मुंबईच्या एका शिकारी क्लबातून मापं घेणारा माणूस आला. त्या क्लबाच्या नोंदीत नाव लागणं म्हणजे शिकाऱ्यांत मोठा मान. त्याने पोलादी टेप माझ्या वळणावळणातून फिरवली आणि मान हलवली.

"पाऊण इंच कमी. नोंद होणार नाही."

हैबतराव हिरमुसले. त्यांचा धाकटा भाऊ गोपाळ, तोही शिकारी, म्हणाला, "दादा, बरं झालं. टेप हातात आली की माणूस जनावर बघत नाही, नुसती शिंगं बघतो."

"उलट आहे," मापं घेणारा पाहुणा म्हणाला. "माप आहे म्हणून लोक म्हातारा नर निवडतात. नाहीतर माद्या-पाडसंही सुटली नसती."

दोघांचंही म्हणणं मला तेव्हा खरं वाटलं. हैबतरावांनी मात्र काहीच ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांना अपुरी दिसत होते.

पुढच्याच हिवाळ्यात ते पुन्हा डोंगरात गेले. दुपारी परतले ते बंदुकीशिवाय. हाकाऱ्यातला जनू कातकरी गोळी लागून गेला होता. सांबर उधळून अंगावर आलं, जनू घाबरून जागा सोडून पळाला आणि गोळीच्या आड आला, असं सगळीकडे सांगितलं गेलं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं.

हैबतरावांनी पुन्हा बंदूक धरली नाही. पण मला भिंतीवरून उतरवलंही नाही. रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर बसत आणि बसल्याबसल्या दचकत. "हाकारा घालतोय बघ," म्हणत. घरच्यांना काही ऐकू येत नसे. मला येत असे.

शेवटच्या आजारात त्यांनी नात वृंदाला जवळ बसवलं. ती शाळेत शिकवते. ते हळू आवाजात म्हणाले, "सांबर नव्हतंच गं. कारवीच्या वर दोन वाळक्या फांद्या दिसल्या. मला शिंगं वाटली. मोठी वाटली. जनू तिथेच उभा होता, मी सांगितलं होतं तिथेच."

ते गेले. पाहुणे येत, मला बघून वाहवा करत. वृंदा उठून आत जाई.

परवा तिचा भाऊ श्रेयस पुण्याहून आला आणि टेप घेऊन स्टुलावर चढला. "ताई, परदेशातले क्लब आता जुन्या शिंगांचीही नोंद घेतात. फोटो आणि माप पाठवायचं. आजोबांचं नाव लागेल."

"खाली उतर," वृंदा म्हणाली. "आणि ती शिंगंही उतरव."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. तो घाईने म्हणाला, "पण हे बाहेर कशाला? घराण्याचं नाव जाईल."

"जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिने मला चादरीत गुंडाळलं आणि निडीजवळच्या वाडीवर नेलं. जनूची बायको सीताबाई दारात बसली होती. वृंदाने मला जमिनीवर ठेवलं आणि आजोबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

सीताबाई बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंग त्यो पलाला नव्हता?"

"नाही. एक पाऊलही हलले नव्हते."

"माज्या पोरीला सगली भित्र्याची पोर म्हनून हाका मारीत. तिचं लगीन मोडलं व्हतं त्यापायी." तिने आत तोंड करून हाक दिली, "जानी, भायेर ये गो. शेजारच्यांना पन बोलाव." मग वृंदाकडे वळली. "बाई, आता पुन्ना सांग. मोठ्यानं सांग."

वृंदाने उभं राहून पुन्हा सांगितलं. केस पिकलेली जानी दाराला धरून ऐकत होती. ऐकता ऐकता ती खाली बसली आणि वडिलांचं नाव घेऊन लहान मुलीसारखी रडली.

उद्या वृंदा मला वन खात्याच्या ताब्यात देणार आहे. कुणी ती विकू नयेत म्हणून तिथे अशी शिंगं जाळतात, असं ऐकलं आहे. मला भीती वाटत नाही. मित्रांनो, एवढंच मागते: रानातल्या जिवाला रानात राहू द्या. आणि तुमच्या घरात एखादं खरं अडकून पडलं असेल, तर ज्याचं आहे त्याच्या दारी ते ऐकणारं माणूस जिवंत असतानाच पोहोचवा.