बोलणारे ओझे

वादळाच्या तयारीसाठी आमच्या बेटावर गट झाला, तेव्हा त्यात माझा काय उपयोग, हा प्रश्न पहिल्या बैठकीपासूनच होता. उघडपणे तो कोणी विचारला नाही, एवढेच.

गट म्हणजे गल्लीतलीच माणसे. आदल्या वर्षीच्या वादळात पलीकडच्या किनाऱ्यावरून मदतीची बोट आली ती सगळे आटोपल्यावर. तेव्हा लोकांनी ठरवले, आपले आपणच बघायचे. कोणी घरांचे पत्रे तारेने बांधून देई, कोणी वीजतारांवर आलेल्या फांद्या छाटी, कोणी टेकाडावरच्या शाळेत पाण्याची पिंपे भरून ठेवी. शाळेला सिमेंटचे छत आहे. वादळ आले की सगळ्यांनी तिथे जायचे.

मी निवृत्त ग्रंथपाल. वादळ समुद्रावर कसे तयार होते, त्याचा मधला भाग शांत का असतो, हे मी सांगू शकतो. पण मी बांधलेली गाठ माझ्या डोळ्यांदेखत सुटते. सुरुवातीला मला शिडी धरायला दिली होती. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "काका, तुम्ही शिडी धरलीय की शिडीनं तुम्हाला?" त्यानंतर मी बाजूला उभा राहू लागलो. कोणी चहा आणायला पाठवले तर बरे वाटे.

मला काम दिले ते नर्सबाईंनी. दवाखान्यातली नोकरी सांभाळून त्या गटाचे सगळ्यात अवघड काम बघत होत्या. ज्यांना चालता येत नाही, त्यांना घरातून उचलून टेम्पोपर्यंत आणायचे. त्यासाठी एक दणकट लाकडी खुर्ची होती. तिच्या पाठीला मागून धरायला आडवा दांडा ठोकला होता आणि माणूस घसरू नये म्हणून छातीवर एक रुंद पट्टा. मागचा दांडा धरायला बेकरीवाला, पुढचे पाय धरायला लाँचवाला. खुर्ची मागे कलती करायची आणि जिना उतरायचा. पण सराव करायचा तर खुर्चीत कोणीतरी बसायला हवे.

"काका, तुम्ही बसा," नर्सबाई म्हणाल्या. "तुमचं वजन बेताचं आहे. वयही बरोबर आहे."

"वय बरोबर म्हणजे?"

"म्हणजे पुढंमागं तुम्हाला उचलावंच लागणार," बेकरीवाला म्हणाला. "आत्ताच हात बसू दे आमचा."

सगळे हसले, मीही हसलो. खरे सांगायचे तर मला आनंद झाला होता. बसून करायची कामे मला आयुष्यभर जमत आली आहेत.

सराव आमच्याच जिन्यावर होई. एक तर तो अरुंद आहे आणि मध्येच काटकोनात वळतो. दुसरे म्हणजे वरच्या खोलीत माझी ताई होती, आणि वादळ आले की आमच्या गल्लीतून पहिली तिलाच हलवायची होती.

ताई माझ्याहून मोठी. खालच्या गाळ्यात तिचे शिवणकामाचे दुकान होते. खुबा मोडल्यापासून ती वर अंथरुणावर आहे. खाली ठेवता येत नाही, कारण वादळात समुद्राचे पाणी गाळ्यात कमरेएवढे येते. वर ठेवता येत नाही, कारण डोक्यावर पत्रे. आदल्या वर्षी त्यातला एक उडाला. तेव्हा मी ताईच्या पलंगावर टेबल धरून बसलो होतो असे मी लोकांना सांगतो. खरे म्हणजे टेबलाखाली मीही होतो. त्यानंतर मला कोणी समजवायची गरज उरली नव्हती. ताईला या घरातून बाहेर काढायचे हे मी स्वतःशी पक्के केले होते.

ताई मात्र सहजासहजी तयार होणारी नव्हती. तिला खुर्चीचे भय होते. "चार लोकांत माझी धिंड काढणार तुम्ही," ती म्हणे. सराव चालू असताना ती आतून कान देऊन ऐकत असे, आणि मी वर आलो की विचारत असे, "बाळ्या, खरं सांग. लागतं का रे?"

"नाही गं. अगदी आरामात."

आता खरे काय होते ते सांगतो. खुर्ची कलली की पाठीचा दांडा माझ्या मणक्यात घुसे. पट्ट्याने श्वास अडके. समोर उतरता जिना दिसे आणि आपण तोंडावर पडणार असे वाटे. आणि वळणावर माझा लोंबता डावा पाय कठड्यावर आपटे. एकदा नव्हे, प्रत्येक फेरीला, त्याच जागी. खाली पोचलो की नर्सबाई विचारत, "काका, काही त्रास?" आणि मी म्हणे, "छे छे."

मला बोलवत नसे. बेकरीवाला पहाटेपासून भट्टीपुढे उभा असायचा, लाँचवाला दिवसभर उतारू वाहायचा, आणि तरी ही माणसे एक पैसा न घेता माझ्यासारख्याला उचलून वरखाली करत होती. फुकटात मिरवायचे आणि वर कुरकूर करायची? शिवाय मला वाटे, लागते ते मलाच लागत असेल. माझीच बसण्याची पद्धत चुकत असेल. पाय दुखायचा तेव्हा मी तो जरा आत ओढून घ्यायला शिकलो आणि आपण काहीतरी शिकलो याचे समाधानही मानले.

त्यामुळे त्यांचा वेग वाढत गेला. लाँचवाला खूश होता. "आता डोळे मिटून उतरवतो कोणालाही," तो म्हणाला.

मग रेडिओवर बातमी आली की समुद्रात वादळ उठले आहे आणि ते बहुधा आमच्याच बाजूला येईल. नर्सबाई सकाळीच आल्या. म्हणाल्या, अजून वेळ आहे, तर एकदा ताईंनाच बसवून बघू. ताईने माझ्याकडे बघितले.

"बाळ्या म्हणतो आरामात येतं, म्हणून बसते," ती म्हणाली. "नाहीतर तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. ह्या बेकरीवाल्याला स्वतःची विजार सांभाळता येत नाही. दोनदा कंबर वाढवून दिलीय मी."

"ताई, तेव्हा मी बारीक होतो," बेकरीवाला म्हणाला.

तिला खुर्चीत बसवले, पट्टा लावला. पहिल्या काही पायऱ्या ती डोळे मिटून होती. वळण आले. दोघांनी सवयीने, झपकन, खुर्ची वळवली आणि ताईचा पाय कठड्यावर आदळला. ज्या बाजूचा खुबा मोडला होता तोच पाय.

ती जी किंचाळली, तशी किंकाळी मी कधी ऐकली नव्हती. बेकरीवाल्याचा हात सुटता सुटता राहिला. लाँचवाल्याने खुर्ची गुडघ्यावर पेलली. तशीच तिला परत वर नेली आणि पलंगावर ठेवली. बराच वेळ ती भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. नर्सबाईंनी खुबा तपासला. नवीन काही मोडले नव्हते.

"ताई, चुकलं आमचं," लाँचवाला म्हणाला. "पण काकांना इतक्या वेळा आणलं, कधी लागलं नाही हो."

ताई भिंतीकडे बघतच म्हणाली, "मी कुठं जाणार नाही. वादळात मेले तर एकदाच मरेन. तुम्ही पायरीपायरीला मारणार."

"ताई, वर पत्रे आहेत," मी म्हणालो.

"असू देत. तू तर बोलूच नकोस."

सगळे खाली गेले. मी थोडा वेळ खोलीत बसलो, मग उतरलो. नर्सबाई गाळ्याच्या पायरीवर बसून खुर्चीकडे बघत होत्या. दोघे पुरुष हात मागे बांधून उभे होते, शिक्षा झाल्यासारखे.

मी विजार वर करून त्यांना माझा घोटा दाखवला. तो वांग्यासारखा झाला होता.

"हे आज लागलं?" नर्सबाईंनी विचारले.

"नाही. रोज."

"रोज म्हणजे?"

"वळणावर. आणि पाठीत दांडाही टोचतो. आणि पट्टा..." मी थांबलो. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

नर्सबाई एरवी माझ्याशी फार अदबीने बोलतात. त्या दिवशी नाही बोलल्या. "काका, नुसतं ओझंच हवं असतं तर मी वाळूचं पोतं बसवलं असतं खुर्चीत. ते तुमच्याहून स्वस्त पडलं असतं, चहाही मागितला नसता. पोतं बोलत नाही म्हणून तुम्हाला बसवलं!"

मी विजार खाली सोडली. बेकरीवाल्याला मात्र माझी दया आली असावी. "जाऊ द्या बाई. भिडस्त माणूस आहे," तो म्हणाला.

"यांची भीड आणि त्या बिचारीचा खुबा," नर्सबाई म्हणाल्या.

मी वर गेलो आणि ताईलाही तेच सांगितले. तिने पायाकडे बघितले, मग माझ्याकडे. मला वाटले रागावेल. ती म्हणाली, "लहानपणी तुला बूट चावायचे आणि तू शाळेतून घरी येईपर्यंत बोलायचा नाहीस. आईनं किती बदडलं, काही उपयोग झाला नाही." मग जरा वेळाने, "मला दारात बसवा. जिना दिसेल असं. आणि बस तू परत त्या खुर्चीत. माझ्यासमोर."

"मग येशील?"

"आधी बघते."

वारा दुपारी सुरू झाला. लाँच बंद झाल्या होत्या, त्यामुळे लाँचवाला मोकळाच होता. ताईला उशा लावून दारात टेकवून बसवले. मी खुर्चीत बसलो. पट्टा आवळला गेला.

"कसं वाटतंय?" ताईने वरून विचारले.

"ठीक."

"बाळ्या!"

"श्वास कोंडतोय," मी म्हणालो. नर्सबाईंनी पट्टा छातीवरून काढून पोटाशी घेतला. ते एवढे सोपे असेल असे मला वाटले नव्हते.

खुर्ची कलली. "पाठीत टोचतंय," मी म्हणालो. पण ते इतक्या हळू म्हणालो की कोणाला ऐकूच गेले नाही. आम्ही उतरू लागलो. वळण आले. मला म्हणायचे होते, "जरा थांबता का?" वाक्य तोंडात जुळवेपर्यंत पाय त्याच जागी, त्याच सुजेवर आदळला.

"अरे थांब ना गाढवा!" मी ओरडलो.

सगळे थांबले. बेकरीवाला मला खुर्चीसकट धरून उभा. आयुष्यात मी कोणाला गाढव म्हटलेले नव्हते. वाचनालयाची पुस्तके बुडवणाऱ्यांनाही नाही.

"माफ करा," मी म्हणालो.

"माफी नको," बेकरीवाला धापा टाकत म्हणाला. "कुठं लागलं ते सांगा. आणि लवकर सांगा, तुम्ही दिसता तेवढे हलके नाही."

वरून ताईच्या हसण्याचा आवाज आला. हसल्याने तिचा खुबा दुखला असावा, कारण लगेच ती "आई गं" म्हणाली आणि पुन्हा हसली.

मग मी सगळे सांगितले. एकदा सुरू झालो तो थांबलोच नाही. दांडा टोचतो, पाय लोंबतो, खाली बघून भीती वाटते, तुम्ही दोघे एकमेकांशी बोलता आणि माझ्याशी कोणी बोलत नाही, त्यामुळे पुढे काय होणार ते कळत नाही. लाँचवाल्याने खुर्चीच्या पुढच्या पायांना आडवी फळी ठोकली, पाय ठेवायला. ताईने तिच्या पलंगावरची एक जुनी दुलई घ्यायला सांगितली. ती पाठीशी आणि खुब्याखाली घातली. दोन्ही पाय मऊ चादरीने फळीला बांधले. नर्सबाईंनी ठरवले की वळणावर खुर्ची आधी खाली टेकवायची, मगच फिरवायची, आणि बसलेल्याने 'उचला' म्हटल्याशिवाय उचलायची नाही.

तसे करून मला पुन्हा उतरवले. पाठीत अजून थोडे टोचत होते. तेही मी सांगितले.

एव्हाना पत्रे वाजायला लागले होते. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. त्याला अजून दोन घरे घ्यायची होती. मी वर जाऊन ताईपुढे उभा राहिलो.

"आता कितपत लागतं?" तिने विचारले.

मला 'अजिबात नाही' म्हणायचा मोह झाला. वारा वाढत होता आणि ती 'हो' म्हणायला हवी होती. मी म्हणालो, "लागतं. पण आधीपेक्षा पुष्कळ कमी. तुला माझ्यापेक्षा जास्त लागेल."

तिने वाजणाऱ्या पत्र्यांकडे बघितले. "बसवा," ती म्हणाली.

वळणापर्यंत ती ओठ दाबून होती. वळणावर खुर्ची टेकवली. खिडकीतून पावसाचा सपकारा आला आणि बेकरीवाला भिजला. ताईने खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"ताई, उचलू?" लाँचवाल्याने विचारले.

ती गप्पच. खालून पुन्हा हॉर्न वाजला. नर्सबाईंनी घड्याळाकडे बघितले, मग माझ्याकडे. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी म्हटले असते, ताई, लोक खोळंबलेत. मी जिन्यातून खाली वाकलो आणि टेम्पोवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "थांब रे जरा! तिला भीती वाटतेय."

हॉर्न बंद झाला. आम्ही सगळे त्या अरुंद जागेत अंग चोरून उभे राहिलो. ताईने दोनतीनदा दीर्घ श्वास घेतला.

"उचला," ती म्हणाली.