धक्क्यावरची यारी

मित्रांनो, मी नदीकाठच्या धक्क्यावरची एक जुनी यारी आहे. तुम्ही मला क्रेन म्हणाल. आज माझ्या पायाशी लव्हाळे माजले आहेत. पण एके काळी माझ्यावाचून या काठावर पान हलत नसे. निदान मला तरी तसे वाटे!

मी कापड गिरणीसाठी घडले. नावेतून कापसाच्या गाठी उतरवाव्यात, तागे चढवावेत, हे माझे काम. मग युद्ध पेटले. लष्कराने गिरणी ताब्यात घेतली आणि तिथे तोफगोळ्यांत दारू भरली जाऊ लागली. माझा चालक सैन्यात गेला व त्याच्या जागी त्याची बायको आली. सगळे तिला वहिनी म्हणत.

"वहिनी, ही यारी आहे, पाळणा नव्हे!" मुकादम हसला.

"झटका न देता हलवायचं, एवढंच ना? पाळण्यानंच शिकवलंय ते," ती म्हणाली आणि शिडी चढली.

एका दुपारी गोळ्यांनी भरलेल्या पडावाला, म्हणजे मालवाहू नावेला, आग लागली. धक्क्यावर एकच पळापळ झाली. दोन हमाल मात्र पडावाच्या तळाशी अडकले होते.

"वहिनी, उतरा! सगळं उडेल!" मुकादम ओरडला.

"आत माणसं आहेत. तुम्ही पडावाचे दोर सोडायला घ्या!"

तिने माझी मान वळवून धुरात माल उचलायचे जाळे सोडले. हमाल त्याला बिलगले. तिने त्यांना अलगद वर उचलून धक्क्यावर ठेवले. मुकादमाने शेवटचा दोर तोडला आणि प्रवाहाने पडाव दूर ओढून नेला. नदीच्या मध्यावर त्याचा स्फोट झाला. माझ्या काचा फुटल्या, वहिनीच्या कपाळाला खोक पडली; पण सगळे वाचले. "शाब्बास गं बाई!" म्हणत तिने मला थोपटले.

तिचा नवरा मात्र परत आला नाही. ती बातमी कळली तेव्हा वहिनी माझ्या केबिनमध्ये येऊन, डोके टेकून बसून राहिली. मित्रांनो, जन्मभर मी ओझी उचलली. ते एक मला उचलता आले नाही.

युद्ध संपले, कारखान्याला टाळे लागले. वहिनी भावाकडे गेली. माझ्याकडे कुणी फिरकेना. हळूहळू काठावर झाडे वाढली, पाखरे आली आणि पुढे हा काठ संरक्षित ठरला. तरीही एकदा मला भंगारात काढायला माणसे आलीच. कटर पेटला, इतक्यात वनरक्षक बाई धावत आल्या.

"थांबा! वर घारीचं घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि उडाल्यावर?"

"पुढच्या वर्षी घार परत येईल की!"

कटरवाला हसला आणि त्याने ज्योत विझवली.

तेव्हा मित्रांनो, इथे आलात तर आखलेल्या वाटेवरूनच चाला. या मातीत अजून जुने तोफगोळे सापडतात. माझ्यावर नावे कोरू नका. इथे कोण राबले, ते मात्र जरूर विचारा. आणि आत्ता जरा हळू बोला. वर एक पिल्लू पंख उघडून घरट्याच्या कडेशी आले आहे. त्याची ही पहिलीच झेप आहे.