अ‍ॅलर्बीच्या टेबलाची चाकं

चाकं.

शनिवारी सकाळी शरयू कॉफी घेऊन आली आणि थबकली. डायनिंग टेबलाच्या पायांची पितळी चाकं झळाळत होती. दोनशे वर्षांचं पितळ? असं?

वेस्ट विंडसरच्या या अमेरिकी घरात दुकानातलं नवं टेबल नको, हा हट्ट तिचाच. इंग्लंडमध्ये घडवलेलं महोगनी लाकडाचं जुनं टेबल, कारागीर थॉमस अ‍ॅलर्बी. विकणाऱ्या म्हाताऱ्या हॉलिसने शब्द दिला होता, शंका आली तर परत नेईन.

"गंडवलं तुला," गुरुनाथ खुशीत म्हणाला. "संध्याकाळी तुझी मैत्रीण नीलांबरी जेवायला येईल, टेबलाचं एवढं कौतुक ऐकवलंस, आता तिला तूच सांग हं."

नवऱ्याकडे पाठ करून तिने हॉलिसला फोन लावला.

मधली फळी.

टेबल लांब करायची फळी तिने कपाटातून ओढून काढली, बसवली. टेबल फिकट, फळी गडद लाल! दोन टेबलं फोडून एक केलेलं दिसतंय. चोरी सापडली, तरी तिला रडू येत होतं. या घरात तिने स्वतः निवडलेली ही एकच वस्तू.

खालची बाजू.

हॉलिस आला, बूट काढून टेबलाखाली उताणा झोपला.

"हात लावा इथे."

खडबडीत. रंध्याच्या बारीक पन्हळी.

"अ‍ॅलर्बी दिसेल तेवढंच घासायचा. खालून कधीच नाही."

"आणि फळी?"

"ती कपाटात राहिली. उन्हाने टेबल विटलं. रंग जुळले असते तर मीच घाबरलो असतो."

मग त्याची नजर चाकांवर गेली. तो हळूहळू उठून बसला.

"ही काळी होती. कुणी बदलली?"

आता संशय तिच्यावर.

नखं.

"काय म्हणतोय गं तो?" स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई.

"चाकं बदलली म्हणतोय, आई."

"बदलतंय कोण? चिंच लावून घासली मी. चार माणसं जेवायला यायची आणि खाली ती काळी ठिक्कर चाकं!"

शरयू वळली. "मी घासली," ती इंग्रजीत म्हणाली.

हॉलिस सासूबाईंच्या काळवंडलेल्या नखांकडे बघत राहिला.

"टेबल परत नेऊ?"

"नको." शरयूने टेबलाची कड घट्ट धरली. "राहू दे."



"मग ती चिंच मी नेतो, उरलेलं जुनेपण तरी वाचेल," हॉलिस म्हणाला.

तो गाडीत बसेपर्यंत सासूबाई खिडकीतून बघत होत्या.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "आता दुकानातलं सगळं पितळ घासून नवं म्हणून विकणार मेला!"