गावच्या पेटीतलं एक मत

मॅलकी मॅकगर्नने स्वतःच्या गावाची मतं दान करून टाकली, तेव्हा त्याची बायको डिम्फना चहाबरोबर द्यायला मनुकांचा पाव कापत होती. ऐकलं आणि सुरी तशीच पावात थांबली.

बैठक त्यांच्याच स्वयंपाकघरात होती. पक्षाच्या सगळ्या बैठका तिथेच व्हायच्या, कारण पक्षाच्या कचेरीत हीटर चालत नसे आणि डिम्फनाच्या घरी पाव मिळे. टेबलावर मतदारसंघाचा नकाशा पसरला होता आणि नकाशा उडू नये म्हणून त्याच्या चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते. या खेपेला पक्षाने दोन उमेदवार उभे केले होते. एक मॅलकी, उत्तर आयर्लंडची विधानसभा झाली तेव्हापासूनचा आमदार. दुसरी ब्रोना डेव्हनी, तिशीतली फिजिओथेरपिस्ट, जिला अजून लोकांचे गुडघे आठवत पण नावं आठवत नसत.

मत देताना इकडे नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. जागा पाच होत्या आणि पक्षाला त्यातल्या दोन हव्या होत्या. त्यासाठी पहिल्या पसंतीची मतं दोघांत सारखी वाटली जायला हवीत. एकाच्या ताटात डोंगर आणि दुसऱ्याच्या ताटात चार शितं पडली, की दुसरा उपाशी उठतो. म्हणून पक्ष मतदार वाटून घेतो. नदीच्या अलीकडच्यांनी याला एक नंबर द्यायचा, पलीकडच्यांनी तिला. आणि गंमत म्हणजे लोक ऐकतात. एरवी बायकोचं न ऐकणारी माणसं पक्षाने दारात आणून दिलेल्या कार्डाबरहुकूम आकडे लिहितात.

"ब्रोनाला कमी पडतंय," फेलिम टोलन म्हणाला. हा निवृत्त गणिताचा मास्तर, पक्षाची सगळी आकडेमोड त्याच्या डोक्यात असे. "नदीपलीकडचं सगळं दिलं तरी कमी पडतंय."

"मग आमचं गाव घ्या," मॅलकी म्हणाला.

"तुझं स्वतःचं गाव? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अरे, माझीच माणसं आहेत ती. मी सांगितलं तर गाढवालासुद्धा एक नंबर देतील."

"ब्रोना इथेच बसली आहे, मॅलकी," डिम्फना म्हणाली.

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने ब्रोनाच हसली. मॅलकीचे कान लाल झाले, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. उदार होताना त्याला फार बरं वाटायचं आणि समोर चारजण बसलेले असले की त्याहून बरं वाटायचं. डिम्फना पाव कापू लागली. अशाने मॅलकी पडू शकतो, असं तिच्या मनात आलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला या विचाराची भीती वाटलेली नाही. गोड वाटलंय. ती स्वतःलाच दचकली.

आमदाराच्या बायकोचं दुःख कोणाला सांगण्यासारखं नसतं. नवरा पीत नाही, मारत नाही, बाहेर बाई नाही. फक्त तो घरात नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी फोन, गटारासाठी फोन, म्हातारीच्या पेन्शनसाठी फोन. मुलगी सोरखा लहानपणी बापाचं चित्र काढायची, त्यात बापाचा एक हात कायम कानाशी असायचा. आता ती ऑस्ट्रेलियात पर्थला असते आणि बापाशी बोलायचं झालं तर आईला विचारून वेळ ठरवते. त्यात मयतं. टिरोन परगण्याच्या या भागात माणूस गेला की त्याला दोन रात्री घरातच ठेवतात, आणि सगळा परगणा येऊन हात मिळवतो, हॅमचं सँडविच खातो, चहा पितो. आमदार जिवंत माणसाकडे गेला नाही तर एकवेळ चालतं, मेलेल्याकडे गेला नाही तर तीन पिढ्या लक्षात ठेवतात. मॅलकीच्या गाडीत काळा टाय कायम असे.

एवढं करून ती विधानसभा तरी धड चालावी! मोठ्या पक्षांचं भांडण झालं की दाराला कुलूप. मधे तर तीन वर्षं कुलूपच होतं. तेव्हाही मॅलकी रोज सकाळी दाढी करून बाहेर पडायचा. "बंद घराची राखण करायला चाललाय," असं डिम्फना शेजाऱ्यांना सांगायची आणि शेजारी हसायचे. दर निवडणुकीला तो म्हणे, ही शेवटची. पहिल्या दोन वेळा तिने विश्वास ठेवला. पुढे कानाला खडा लावला.

मग प्रचार सुरू झाला आणि डिम्फना घरोघर फिरली. आपल्याच नवऱ्याला एक नंबर देऊ नका, असं सांगत फिरली. गावात या कामाला तिच्याइतकं योग्य माणूस नव्हतं, असं फेलिमच म्हणाला.

रोझी हॅगन तेवढी अडून बसली. नव्वदीची म्हातारी, शेगडीजवळच्या खुर्चीतून राज्य करणारी.

"मी मॅलकीशिवाय कोणाला एक नंबर दिलेला नाही," ती म्हणाली. "आता मरायच्या वेळी कुठे नवीन सवयी लावून घेऊ?"

"रोझी, त्यानेच सांगितलंय. त्याला दोन नंबर द्या. तेवढ्याने तो येतोच."

"येतो म्हणजे? लिहून देतेस?"

"अहो, तो सुरक्षित आहे."

"बस सुटेपर्यंत सगळेच प्रवासी सुरक्षित असतात. काय गं, नवऱ्याला पाडायला तर निघाली नाहीस ना?"

म्हातारी आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली. डिम्फनाने हातातली कार्डं पुन्हा एकदा नीट जुळवली. तिने उठून चहा केला, रोझीच्या पायावर घोंगडी घातली, आणि पुन्हा पहिल्यापासून समजवायला बसली. गरजेपेक्षा जास्त समजावलं, हे तिला समजावत असतानाच कळत होतं. शेवटी रोझीने कार्ड घेतलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं.

मतदानाच्या दिवशी शाळेत लहान मुलांच्या चित्रांखाली मतदानाचे आडोसे मांडले होते. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. डिम्फनाने ब्रोनाच्या नावापुढे एक लिहिला. मग पेन्सिल मॅलकीच्या नावासमोर आणली. दोन लिहायचा होता. बाहेर फाटकाशी मॅलकी उभा होता, कोणाच्या तरी वासराची चौकशी करत होता, आणि त्याचं ते मोकळं हसू इथपर्यंत ऐकू येत होतं. फार चांगला माणूस होता. डिम्फनाने कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकला. दोन लिहिला नाही. घरी येऊन तिने बटाटे सोलायला घेतले आणि दोघांना चार दिवस पुरतील एवढे सोलले.

दुसऱ्या दिवशी क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये मोजणी सुरू झाली. पेट्या उघडून आधी मतपत्रिकांची संख्या जुळवतात, तेव्हा कागद उताणे असतात. हीच वेळ पक्षाच्या माणसांची. कठड्यावरून पोटावर वाकून, मान तिरकी करून, ते प्रत्येक कागदावरचा एक नंबर टिपतात. कुठल्या गावाने काय केलं हे निकालाच्या कितीतरी आधी त्यांना कळलेलं असतं. मत गुप्त असतं ते माणसाचं. गावाचं काही गुप्त राहत नाही.

गावची पेटी उघडली तेव्हा फेलिम स्वतः वाकला होता. बराच वेळ त्याची पेन्सिल एकाच रकान्यात चालली. मग तो सरळ झाला, कंबरेवर हात ठेवून.

"काय शिस्त आहे!" तो म्हणाला. "अरे, शाळेत माझं कोणी इतकं ऐकलं नव्हतं. आपली सगळी मतं ब्रोनाला. पोरी, आख्खं गाव तुझ्या पदरात." मग त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. "आणि एक मॅलकीला. फक्त एक."

सगळ्यांच्या माना डिम्फनाकडे वळल्या.

"अगं, डिम्फना!" फेलिम म्हणाला. "गावभर कार्डं वाटत फिरलीस आणि स्वतः हे!"

"मला काही राग नाही हं," ब्रोना म्हणाली आणि तिने डिम्फनाचा हात दाबला. "माझा नवरा असता तर मीही हेच केलं असतं."

डिम्फनाने तोंड उघडलं, पण तेवढ्यात कोणीतरी तिच्या हातात चहा दिला, कोणी बिस्किट दिलं, आणि पक्षाची चार दांडगी माणसं तिच्याकडे अशी बघू लागली, जशी चर्चमध्ये नवरीकडे बघतात. नाही म्हणायची वेळ निघून गेली. तिने बिस्किट चहात बुडवलं. मॅलकी कठड्याच्या टोकाला उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मोजणी त्याच्या पुढच्या दिवशीही चालली. ब्रोना पहिल्याच फेरीत निवडून आली, निवडून यायला लागतात त्याहून पुष्कळ जास्त मतांनी. तिची जादा मतं दुसऱ्या पसंतीने मॅलकीकडे आली, पण पाझरत पाझरत, एकेका मताचा लहानसा अंश होऊन. मॅलकी चढत गेला, चढत गेला, आणि पाचव्या जागेच्या उंबऱ्यावर थांबला. समोरच्या पक्षाचा माणूस अगदी थोड्या मतांनी पुढे होता. गावाने ऐकलं नसतं तर दोघंही आले असते, हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं. फेलिमची पेन्सिल खिशात ठेवताना दोनदा खाली पडली.

एका मताने काही फरक पडला नसता, हे डिम्फना स्वतःला सांगत होती. पण मग गरजेपेक्षा जास्त समजावलेली रोझी आठवे.

मॅलकी व्यासपीठावर चांगलं बोलला. मोजणीवाल्यांचे, पोलिसांचे, जिंकणाऱ्यांचे आभार मानले. ब्रोना त्याच्या गळ्यात पडून रडली. "ही जागा तुमची होती," ती म्हणाली.

"आता तुझी आहे. आणि रोझी हॅगनच्या गटाराचं काम अर्धं राहिलंय, ते आधी बघ."

परतताना त्याने गाडी गावाच्या वेशीवरच थांबवली. टपावर शिडी बांधलेलीच होती. विजेच्या खांबांवर त्याची पोस्टर्स लटकत होती, बारा वर्षांपूर्वीच्या फोटोची, ज्यात त्याला पुष्कळ केस होते.

"राहू दे ना. पोरं काढतील उद्या," डिम्फना म्हणाली.

"माझं थोबाड आहे. मीच उतरवतो."

मे महिन्याचं लांबलचक ऊन होतं. कुंपणांवर पांढरा बहर आला होता. तो वर चढला आणि तिने खाली शिडी धरली. पक्कड प्लास्टिकचे पट्टे तोडत होती. एक पोस्टर खाली आलं, मग दुसरं. तिसऱ्या खांबापाशी तिला ते सोसेना.

"मॅलकी, ते एक मत माझं नव्हतं."

पक्कड थांबली. "माहीत आहे मला."

"कसं माहीत?"

"माझंच होतं ते."

तिने वर पाहिलं. त्याच्या बुटांचे तळवे दिसत होते, आणि त्यापलीकडे पोस्टरवरची हनुवटी.

"तू? साऱ्या गावाला गळ घालून तू स्वतः—"

"हाताला काय झालं कोण जाणे. ब्रोनाच्या नावापुढे आकडा काढवेना. म्हटलं, एकाने काय होतंय. आणि तिथे सगळे तुझं कौतुक करत होते, तेव्हा मी मेल्यासारखा गप्प बसलो. लाज वाटते गं."

डिम्फनाला हसू फुटलं. इतकं, की शिडी हलली आणि वरून तो ओरडला. मग हसू सरलं आणि उरलेलं सांगणं भाग पडलं.

"मी तुला दोन नंबरसुद्धा दिला नाही."

एक ट्रॅक्टर गेला, चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला, आणि दोघांनीही सवयीने हात वर केला. ट्रॅक्टरचा आवाज वळणापलीकडे गेला.

"का?" मॅलकीने विचारलं.

"तू हरावास म्हणून. तू जिंकलास की मी टाळ्या वाजवते, आणि मग पाच वर्षं एकटी जेवते. मला कंटाळा आला रे."

"मग बोलायचं होतंस."

"बोलले. दर वेळी बोलले. तू फोनवर होतास."

तो सावकाश खाली उतरला. शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबला, मग जमिनीवर आला. तिच्याकडे बघताना त्याचा चेहरा पोस्टरपेक्षा बारा वर्षांहून कितीतरी जास्त म्हातारा दिसत होता.

"मग आता खूश आहेस?"

"हो," ती म्हणाली. "आणि त्या हॉलमधून निघाल्यापासून रडू कोंडून धरलंय. दोन्ही खरं आहे."

त्याने मान हलवली. पोस्टर्स गाडीच्या डिकीत पालथी टाकली, शिडी बांधली. निकाल लागल्यापासून त्याचा फोन एकदाही वाजला नव्हता. ते दोघांच्याही लक्षात आलं होतं.

"चल," तो म्हणाला. "बाकीची उद्या काढू. जेवायची वेळ होत आली असेल. सहाला जेवतो ना आपण?"

डिम्फनाने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"साडेपाचला," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून."