सरकारांचा पट्टा

बॅगा दुरुस्त करणाऱ्या बाईचं दुकान तळमजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी होतं. एक शिलाई मशीन, एक लांब फळी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली तुटकी बकलं, चेनी, बंद एवढाच काय तो पसारा. वीस वर्षं ती तिथे बसत होती. जिन्यावरून कोण उतरतंय हे तिला पावलांवरूनच कळायचं, मान वर करायची गरज पडत नसे. फक्त तिसऱ्या मजल्यावरचा फरशीवाला उतरू लागला की ती मशीन थांबवायची. त्याच्या पाठीवर त्याची मुलगी असायची.

लोकांच्या घरी फरश्या बसवून बसवून फरशीवाल्याच्या गुडघ्यांचा पार चुथडा झाला होता. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी पंधराची. लहानपणापासूनच तिचे स्नायू हळूहळू कमजोर होत चालले होते. आधी पाय गेले, मग दंड, आणि आता मानही फार वेळ सावरत नसे. डोकं मात्र कात्रीसारखं चालायचं, आणि जीभ त्याहून जास्त. बाप तिला ‘सरकार’ म्हणायचा.

इमारतीला लिफ्ट नव्हती. खालचा मजला सगळा दुकानांचा, त्यामुळे खाली राहायला यायची सोय नव्हती. मुलीची चाकाची खुर्ची घडी करून बॅगवालीच्या दुकानात ठेवलेली असे. रोज सकाळी बाप मुलीला पाठुंगळी घेऊन चोपन्न पायऱ्या उतरायचा, खुर्चीत बसवायचा आणि शाळेत सोडून कामावर जायचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिला शाळेतून आणून पुन्हा चोपन्न पायऱ्या वर.

एकदा उतरताना पहिल्या मजल्याच्या वळणावर त्याचा हात सुटला. मुलगी घसरली, पण त्याने कशीबशी भिंतीशी दाबून धरली. कुणाला लागलं नाही. दोघं तिथेच पायरीवर बसले, चेहरे पांढरेफटक. बॅगवाली पाणी घेऊन धावली.

“मावशी,” मुलगी घोटभर पाणी पिऊन म्हणाली, “एवढ्या बॅगांना पट्टे लावता, मला पण लावा की एक.”

“काहीतरीच काय!” बाप खेकसला.

“काहीतरीच कसं? मी बॅगच आहे. जरा तोंडाळ आहे, एवढंच.”

बॅगवाली त्यावर हसली खरी, पण संध्याकाळी दुकान बंद करताना तिने मापाची पट्टी पिशवीत टाकली आणि सरळ तिसरा मजला गाठला.

पहिला पट्टा आठ दिवसांत झाला. जाड कॅनव्हासचं आसन, बापाच्या दोन्ही खांद्यांवरून येणारे रुंद पट्टे, छातीवर एक आडवा बंद आणि कमरेला पट्टा. बापाचे हात मोकळे झाले, त्याला कठडा धरता येऊ लागला. तो आरशासमोर उभा राहून म्हणाला, “घ्या, झालो पट्टेवाला.”

“सरकार म्हटल्यावर पट्टेवाला हवाच,” मुलगी पाठीवरून म्हणाली.

पण चार दिवसांत तिची मान धरली. बाप पायरी उतरला की त्याचं सगळं अंग खाली आदळायचं, आणि तो हिसका पट्ट्यातून थेट तिच्या मानेत जायचा. चोपन्न पायऱ्या, चोपन्न हिसके. त्याच्या गुडघ्यांनाही तेवढेच. बॅगवालीने पट्टे उसवले आणि मध्ये रुंद इलॅस्टिकचा तुकडा घातला. त्यावर बाहेरून नायलॉनची पट्टी चार बोटं सैल शिवली, म्हणजे इलॅस्टिक ताणलं गेलं तरी पट्टी त्याला हद्दीबाहेर जाऊ देणार नाही. तिला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी खाली आली ती फणफणतच. “मावशी, मी काय चेंडू आहे? टुणटुण उडतेय नुसती!”

“पण हिसका तर कमी बसला ना?” बाप म्हणाला.

“तुम्हाला कमी बसला. मला विचारा ना. ओझं वाहणाऱ्यालाच सगळे विचारतात, ओझ्याला कुणी विचारत नाही.” मग जरा थांबून, डोळे मिटून ती म्हणाली, “खाली जाताना लागत नाही. उसळून परत वर येताना लागतं. मावशी, ते इलॅस्टिक ताणलं जाऊ दे लवकर, पण परत येऊ दे सावकाश.”

बॅगवालीने वीस वर्षांत शेकड्यांनी पट्टे शिवले होते, पण असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने मुलीच्या वजनाएवढी वाळू पोत्यात भरली आणि पोतं पाठीला बांधून स्वतः जिना चढली-उतरली. पोत्याच्या तोंडाशी पाण्याने भरलेला पेला खोचलेला. मुलगी खाली खुर्चीत बसून सांडलेलं पाणी मोजायची. “नापास,” ती ओरडायची. “पुन्हा!” बॅगवालीने काय काय घालून पाहिलं. सायकलची ट्यूब घातली, ती उन्हाने चिकट झाली. स्पंज घातला, तो महिन्याभरात बसला. शेवटी तिने इलॅस्टिक नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, दोन जाड थरांमध्ये घट्ट शिवलं. इलॅस्टिक मागे यायला लागलं की नमदा त्याला घासून धरून ठेवायचा, एकदम येऊ द्यायचा नाही. त्या दिवशी पेल्यातलं पाणी काठापर्यंत हललं, पण सांडलं नाही.

“पास,” मुलगी म्हणाली. “पण काठावर.”

तो पट्टा पाच वर्षं चालला. म्हणजे तोच नाही. मुलगी वाढत गेली तसा तो दर सहा महिन्यांनी उसवला जाई, नव्याने शिवला जाई. मुलगी त्रेचाळीस किलोची झाली, शाळा संपली, दोन गल्ल्यांपलीकडच्या कॉलेजात ती गणित शिकू लागली. तिची आत्या दुसऱ्या गावी राहायची. तिचं घर जमिनीलगत होतं, पुढे अंगण. ती कितीदा म्हणाली, इकडे या, दोघंही. पण तिथे कॉलेज नव्हतं. “सरकारांची पदवी होऊ दे,” फरशीवाला म्हणायचा, “मग येतो.”

शेवटच्या वर्षाला सुरुवात झाली तेव्हा एके दुपारी तो एकटाच दुकानात आला. फळीच्या कडेला टेकला, जरा दम घेतला.

“ताई, पट्टा छातीवर आवळतोय गं थोडा. श्वास पुरत नाही.”

बॅगवालीने पट्टा घेतला, उलटासुलटा करून पाहिला. छातीवरचा बंद तिने दोन बोटं खाली सरकवला, कमरपट्टा रुंद केला, म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर उतरेल. दुसऱ्या दिवशी जिना चढून गेल्यावर त्याने वरूनच ओरडून सांगितलं, “ताई, एकदम फुलासारखं!”

दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. पुन्हा तेच. या खेपेला तिने छातीवरचा बंद काढूनच टाकला आणि काखेखालून दोन बारीक बंद दिले. काम अवघड होतं, ते साधलं म्हणून तिला बरं वाटलं. तो कपाळावरचा घाम पुसत होता, ते तिने पाहिलं होतं. उकाडा आहे, असं तिला वाटलं.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. दुपारची वेळ, इमारत रिकामी. फरशीवाला मुलीला कॉलेजातून घेऊन आला, खुर्ची घडी करून दुकानात ठेवली, पट्टा चढवला. “निघाली स्वारी,” नेहमीसारखं म्हणाला. बॅगवालीला एका प्रवासी बॅगेचं काम संपवायचं होतं. जाड कापड होतं, मशीन कर्कश चालत होतं. दोरा संपला तेव्हा ती थांबली, आणि तिला वरून अगदी बारीक आवाज आला.

“मावशी…”

मुलीची छाती कमजोर. मोठ्याने हाक मारणं तिला कधीच जमत नसे. बॅगवाली उठली आणि पळतच वर गेली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला होता, भिंतीला खांदा टेकून. एक हात कठड्याच्या गजावर तसाच होता. मुलगी त्याच्या पाठीवर, हनुवटी त्याच्या खांद्यावर.

“मावशी, बाबा गेले.”

“अगं नाही, चक्कर आली असेल. थांब, पाणी…”

“चक्कर नाही.” तिच्या आवाजात रडणं नव्हतं. “माझी छाती त्यांच्या पाठीला आहे. थांबलं ते मला कळलं. केव्हाची हाका मारतेय तुम्हाला.”

बॅगवालीने बकलांना हात घातला. स्वतः बसवलेली बकलं, आणि आता बोटांना ती उघडता येईनात.

“आधी कमरेचं,” मुलगी म्हणाली. “मग काखेतलं डावं. घाई करू नका. मी पडणार नाही, भिंत आहे.”

मुलीने सांगितलं तसं बॅगवालीने केलं. मुलीला उतरवून पायरीवर बसवलं, आपल्या अंगाला टेकवून धरलं, आणि मग माणसं येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. मुलीने एकदाच म्हटलं, “त्यांचा हात गजावरून काढा. दुखेल.”

आत्या संध्याकाळपर्यंत पोचली. तीन दिवसांनी कपाट आवरताना तिला डॉक्टरांचा कागद सापडला, आठ महिन्यांपूर्वीचा. वजन उचलायचं नाही, जिना टाळायचा, पुढच्या तपासणीला ताबडतोब यायचं, असं त्यावर लिहिलेलं. कागद चार घड्या घालून शर्टांच्या खाली ठेवला होता. आत्या तो घेऊन दुकानात आली.

“तुमच्याकडे रोज यायचा. तुम्हाला काही बोलला होता?”

“छातीवर आवळतंय म्हणाला होता.”

“मग?”

“मी पट्टा सैल करून दिला.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि वर गेली. त्या आठवड्यातच ती मुलीला आपल्या गावी घेऊन गेली. गाडीत बसवताना मुलीने बॅगवालीकडे पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. बॅगवाली दुकानातच, पाठ करून उभी होती.

पुढचे कितीतरी महिने तिने पट्ट्यांचं काम घेतलं नाही. चेन बसवायची, अस्तर लावायची, पण कुणी खांद्याचा पट्टा आणला की वेळ नाही म्हणून परत पाठवायची. जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायची. सैल करून दिला, सैल करून दिला. त्याला दुखत होतं, ते दुखणं काहीतरी सांगत होतं, आणि आपण आपल्या हुशारीने त्याचं तोंड दाबलं, असं तिला वाटत राही.

शेवटी एका रविवारी ती बसमध्ये बसली. चार तासांचा रस्ता. आत्याने दार उघडलं, ‘या’ म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली. मुलगी खिडकीशी खुर्चीत होती, समोर पुस्तक. परीक्षा बाहेरून देणार होती. चेहरा उतरला होता.

“उशीर केलात,” ती म्हणाली.

“तोंड नव्हतं यायला.” बॅगवाली उभीच होती. “मी त्याला विचारायला हवं होतं गं. दम का लागतो, डॉक्टरकडे गेलास का. मी फक्त पट्ट्याकडे बघत बसले. पट्टा एवढा सोपा केला की त्याला…”

मुलगी खिडकीकडे बघत म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय?”

“त्यांचं हृदय. पाच वर्षं रोज माझ्या छातीला लागून होतं, मावशी. आधी एका लयीत चालायचं. मग मधूनच चुकायला लागलं. ठोका यायचा, मग यायचाच नाही, मग दोन एकदम. मी मोजत होते. मोजायची मला सवयच आहे. आधी वर जाताना एकदा थांबायचे, मग तीनदा, मग प्रत्येक वळणावर.” तिचा आवाज आता फुटला. “मी म्हटलं असतं ना, बाबा, उद्यापासून नको, तर ते थांबले असते. माझं ऐकायचे ते. पण माझं कॉलेज सुटलं असतं मग. म्हणून मी नाही बोलले. एक वर्षच राहिलंय, असं म्हटलं. एक वर्षच.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात उचलून ते पुसायचं बळ तिच्यात नव्हतं. बॅगवाली खाली बसली आणि पदराने तिचे डोळे पुसू लागली.

“नाक पण,” मुलगी हुंदक्यातच म्हणाली.

बॅगवालीने नाक पुसलं. तिला म्हणायचं होतं, तुझा काही दोष नाही, तू लेकरू होतीस. पण तसं कुणी आपल्याला म्हणालं असतं तर आपल्याला पटलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती नुसती तिचा हात धरून बसली.

आत्या चहा घेऊन दारात उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने ट्रे खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली.

“मला फोनवर म्हणाला होता,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “अक्का, हल्ली दमतो गं फार, म्हणाला. मी म्हटलं, वय झालं आता तुझं, दमायचंच. आणि हसले. तो पण हसला.” तिने पदर तोंडाला लावला. “तुमच्यावर राग काढत होते मी इतके महिने. मनातल्या मनात.”

थोड्या वेळाने आत्या उठली, मुलीची एका बाजूला कललेली मान तिने सरळ केली, मागे उशी दिली आणि पेला तिच्या ओठांशी धरला. चहा गार झाला होता. मुलगी तरी प्याली.

बॅगवालीची परतीची बस साडेपाचची होती. पाच वाजले, सव्वापाच वाजले. ती उठली नाही, आणि त्या दोघींनीही तिला आठवण करून दिली नाही.