पाहुण्याला उठायला अकरा मिनिटं

१३ जुलै १९९९, मंगळवार. दुपारी सव्वादोनला मी तारापूरच्या आमच्या कारखान्यात बॉयलरचा गेज बदलत होतो. गेटवरून निरोप आला की पालघरहून फोन आहे. शेजारच्या काशीबाई बोलत होत्या. म्हणाल्या, "शालू गेली." मी विचारलं, "कुठे?" त्यांनी फोन ठेवला नाही, पण पुढे बोलल्याही नाहीत. तेव्हा मला कळलं.

शालू माझी बायको. बावीस वर्षांचा संसार झाला. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहे. बिघाड कुठे आहे ते शोधणं मला येतं, आणि हे लिहितोय तेही एका बिघाडाबद्दलच.

सप्टेंबरात शालूचा धाकटा भाऊ दिनानाथ माकुणसारहून आला. त्यांची पानवेलीची बाग आहे. त्या बागेत मर रोग येतो. वेल मुळाशी कुजते, आणि त्याच जागी तीन-चार वर्षांच्या आत नवी लावली तर तीही जाते. कुठल्या ओळीतली कितवी वेल कधी मेली, याची नोंद शालू ठेवायची. महिन्यातून एकदा माहेरी जाऊन ओळी मोजून यायची आणि संगणकात भरायची. त्यासाठी लहानसा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता.

"भावजी, दसरा झाला की लावणी हाय," दिनानाथ म्हणाला. "ताईची नोंद नाय मिळाली तर मी डोळे झाकून लावणार. निम्मी बाग परत कुजंल."

"तुला काहीच आठवत नाही?"

"ताईला आठवायचं. म्हणून तर मी ध्यानात ठेवलं नाय."

शालूचा संगणक दोन महिने झाकून ठेवलेला होता. मी बटण दाबलं. आतून चट्ट असा आवाज आला आणि जळका वास सुटला. बोर्ड गेला होता. खाऱ्या हवेत हे होतंच. डिस्क मात्र ठीक असणार होती.

आमच्या कारखान्यातले संगणक आत्माराम बघतो. तो मनोरचा, बोईसरला खोली घेऊन राहतो. त्याने नवा संगणक घेतला होता. मुंबईहून आणलेल्या एका सीडीने त्या संगणकाच्या आत दुसरा संगणक मांडता यायचा. खरा नव्हे, नुसता मांडलेला. पण त्याच्यात घातलेल्या जुन्या विंडोजला वाटतं की आपण खऱ्याच यंत्रात आहोत. शालूच्या डिस्कची अख्खी नक्कल आत्मारामने त्यात उतरवली.

"बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा," त्याने मला समजावलं. शालू बाहेर माझा उल्लेख यजमान असाच करायची.

पाहुणा चालू झाला, पण अकरा मिनिटांनी. मग माउस हलवला की गोठायचा. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा अकरा मिनिटं. तीन रविवार असेच गेले. नोंदीपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

"सावे, तुमचा पाहुणा उंबऱ्यातच पाय धूत बसलाय," आत्माराम म्हणाला.

"शालूचं यंत्रही उशिराच उठायचं," मी म्हटलं. "ती बटण दाबून चहा टाकायला जायची. चहा उकळला की यंत्र तयार."

"मग तुम्ही कधी बघितलं नाही, का ते?"

"मला चहा मिळायचा ना."

तो हसला. मी दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं तपासायचो आणि घरातलं एक यंत्र दोन वर्षं उशिरा उठत होतं, हे मात्र मला खटकलं नव्हतं.

दहा ऑक्टोबरला, घट बसले त्या रविवारी, मी कारखान्यातला नोंदीचा कोरा कागद घेऊन सकाळीच बोईसरला गेलो. आत्मारामला म्हटलं, आता माझ्या पद्धतीने करू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि घड्याळ लावायचं.

पहिली गोष्ट मेमरी. यजमानाकडे चौसष्ट एमबी होती, त्यातली अठ्ठेचाळीस आत्मारामने पाहुण्याला दिली होती. जास्त दिली तर लवकर उठेल, असा त्याचा हिशेब. पण यजमानाची डिस्क सारखी करकरत होती.

"यजमानाने स्वतःचं ताटही पाहुण्यापुढे सरकवलंय," मी म्हटलं. "आता उपाशीपोटी वाढायला उठणार कोण?"

बत्तीस करून पाहिलं. सात मिनिटं दहा सेकंद. माउस गोठायचाही थांबला. आत्माराम खूश झाला. मी नाही. सात मिनिटं हीसुद्धा खूप झाली.

मग पडद्यावर काय दिसतं ते मी मिनिटागणिक कागदावर उतरवू लागलो. पहिलं मिनिट, ढगांचं चित्र. दुसरं, रिकामा पडदा आणि वाळूचं घड्याळ. तिसरं तेच. चौथं, पाचवं, सहावं तेच. यजमानाची डिस्क आता शांत होती. म्हणजे पाहुणा काम करत नव्हता. तो कशाची तरी वाट बघत होता.

सातव्या मिनिटाला एक चौकट आली आणि माझं बोट आपोआप एंटरवर गेलं.

"थांबा!" आत्माराम ओरडला. "काय लिहिलंय ते तरी वाचा."

मला लाज वाटली. कारखान्यात अलार्म वाजला की ऑपरेटर न वाचता बटण दाबून भोंगा गप्प करतात. त्यावरून वीस वर्षं मी त्यांना बोलत आलो. आणि तीन रविवार मी स्वतः हेच केलं होतं.

चौकटीत इंग्रजीत लिहिलं होतं की मंगला नावाच्या संगणकाची डिस्क सापडत नाही. खाली प्रश्न होता, हा जोड पुढच्या वेळी पुन्हा जोडायचा का? होय, की नाही?

मंगला शिरगावची. पालघरला ती आणि शालू मिळून संगणकाचा क्लास चालवायच्या. दोन संगणक, मध्ये एक केबल. शालूला घरी यायला उशीर व्हायचा, म्हणून सत्त्याण्णव साली मी एक दिवस क्लासवर गेलो आणि सगळ्यांसमोर मंगलाला म्हणालो, तुमचं यंत्र उचला आणि घरी न्या. तिने नेलं. क्लास बंद पडला आणि शालूचं यंत्र आमच्या घरी आलं. त्यानंतर मंगला आमच्याकडे कधी आली नाही.

"नाही दाबा," आत्माराम म्हणाला. "पुढच्या वेळी विचारणारच नाही. सुटलात."

"आधी खात्री करू. जोड न तोडता जमतं का बघ."

त्याने पाहुण्याचं नेटवर्क कार्ड काढून ठेवलं. शोधायला रस्ताच नसेल तर शोधत बसणार नाही. एक मिनिट पन्नास सेकंद. बिघाड सापडला. चौकट आली, पण लगेच.

मी ती पुन्हा वाचली. नाही एकदा दाबलं असतं तर ही चौकट परत आली नसती. शालूला हे माहीत नसेल असं होणार नाही, ती दुसऱ्यांना हेच शिकवायची. म्हणजे दोन वर्षं, रोज, चहा ठेवून आल्यावर ती होय दाबत होती.

मीही होय दाबलं.

प्रोग्रॅम उघडला. सत्त्याण्णवच्या दिवाळीपासूनच्या नोंदी होत्या, ओळीओळीने. त्याआधीची वर्षं मागितली की तो मंगलाची डिस्क मागत होता. तिची डिस्क मोठी होती, म्हणून जुनं सगळं तिकडे ठेवलेलं होतं.

दिनानाथला दोन वर्षांच्या नोंदी कागदावर काढून दिल्या. त्याने त्या बोट फिरवून वाचल्या.

"शेवटच्या दोन वर्सांचं मलापण आठवतंय, भावजी. त्याच्या आधीचं पायजे."

"ते शिरगावला आहे."

"मंगलाताईकडं? मग जा ना. तिला ताईचं कळवलं तुमी?"

मी कळवलं नव्हतं. तिला कुणाकडून तरी कळलंही असेल. पण निरोप माझ्याकडून जायला हवा होता, आणि तीन वेळा पत्र लिहायला बसून मी उठलो.

आज गुरुवार. दसरा मंगळवारी आहे. पालघरहून शिरगाव एसटीने अर्धा तासही नाही. मी अजून गेलेलो नाही.